उजवीकडचा पाट

शेठना शेठ म्हटलेलं मुळीच खपायचं नाही. "शेठ काय शेठ! मी काय इथे सोनं विकतोय?" असं अख्ख्या वर्कशॉपला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडायचे. सातपूरला एमआयडीसीत आमचं हे पत्र्याच्या छपराचं वर्कशॉप. चार लेथ, एक मिलिंग, एक ग्राइंडर, आणि मालक असा की त्याला मालक म्हणायची सोय नाही. "काका म्हणा, सर म्हणा, नाहीतर सरळ नावानं हाक मारा." आम्ही मान डोलवायचो आणि पुन्हा शेठच म्हणायचो. त्यांच्या रागाला घाबरत कोण होतं? यायचा तसा दोन मिनिटांत जायचा, आणि जाताना सगळ्यांना चहा सांगून जायचा.

उंच, किडकिडीत माणूस. कानात अत्तराचा फाया आणि अंगात पांढराशुभ्र शर्ट. वर्कशॉपमध्ये पांढरा शर्ट, आता बोला! ऑइलचा एक शिंतोडा उडाला की "मेलो! आता घरी बोलणी खावी लागणार" म्हणत त्यावर खडूची पूड चोळत बसायचे. घरी बोलणारं कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बायको म्हणावी तर कुणी पाहिलेली नाही. कुणी म्हणायचं माहेरी निघून गेली, कुणी म्हणायचं पहिल्यापासूनच नव्हती. शेठना विचारलं तर एकच उत्तर, "आहे एक माणूस. फार कडक आहे."

मी तिथे इन्स्पेक्शनला. लेथवर कातलेला भाग, म्हणजे जॉब, गेज लावून मोजायचा, मापात असेल तर पुढे, नसेल तर त्याला लाल रंग फासायचा. नामपूरची पोरगी, डिप्लोमा नुकताच झालेला, तोंडानं फटकळ. आल्या आल्या मी इकबालभाईंचा अख्खा ट्रे लाल करून ठेवला. इकबालभाई म्हणजे वर्कशॉपमधले सगळ्यात जुने टर्नर. त्यांच्या जॉबला नावं ठेवायची कुणाची छाती नव्हती. शेठ धावत आले. मला वाटलं, गेली नोकरी.

"गेज तपासलास?" त्यांनी विचारलं.

"त्यात काय तपासायचं? जॉबच खराब आहेत."

"जॉब नापास करायच्या आधी गेज तपासायचा. आपण सगळे त्या बिचाऱ्या जॉबच्या मागे लागतो. गेजला कुणी विचारतं का, बाबा रे, तू तरी बरोबर आहेस का?"

तपासला. गेज बरोबर निघाला, जॉबच खराब होते. शेठ खूश! "हां, आता कर नापास. हक्कानं कर," म्हणाले, आणि इकबालभाईंच्या खांद्यावर हात टाकून त्यांना चहाला घेऊन गेले. इकबालभाई जाताना मला म्हणाले, "बेटा, तुला इथेच रिटायर व्हायचंय वाटतं."

शेठच्या चहाबरोबर इतिहास फुकट मिळायचा. दुसऱ्या मालकांचे विषय म्हणजे जीएसटी आणि क्रिकेट. आमचे शेठ कप हातात घेऊन सुरू व्हायचे, "आपले पूर्वज काय साधे होते का?" त्यांचे पूर्वज फार लांबलांबचे. ग्रीसमध्ये हजारो वर्षांपूर्वी बायका बायकांवर कविता करत होत्या, ते पूर्वज. न्यूयॉर्कमधल्या एका बारवर पोलिसांची धाड पडली, आणि नेहमी मान खाली घालून गाडीत बसणारे लोक त्या दिवशी उलटे पोलिसांवरच धावून गेले, ते पूर्वज. कोलकात्यात मूठभर माणसं पिवळे टीशर्ट घालून भर रस्त्यातून चालली, ती माणसं तर त्यांची अगदी लाडकी. "मूठभर! आपल्या वर्कशॉपात मावतील एवढी! आणि सगळा रस्ता बघतोय. काय जिगर असेल?"

"शेठ," इकबालभाई शांतपणे विचारायचे, "तुमचे पूर्वज तर सिन्नरचे ना?"

"तेही आहेत आणि हेही आहेत. माणसाला पूर्वज दोन्हीकडून असतात."

मुंबईच्या मोर्च्याची गोष्ट तर त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवली की ती आता मला स्वतः गेल्यासारखी आठवते. तिकडे समलिंगी लोकांचा मोर्चा निघणार असं त्यांना कळलं; कुणाचा मोर्चा, ते मात्र सांगताना दरवेळी गाळायचे, मला ते मागाहून कळलं. जायचं तर होतं, पण घरच्या कडक माणसानं बजावलं होतं, "जायचं तर जा, पण चेहरा दिसता कामा नये." तिथे पुष्कळ जण मुखवटे लावून चालायचे. शेठनी काय करावं? वर्कशॉपमधला वेल्डिंगचा मास्क नेला! तोंडावर काळी काच, आत घामाच्या धारा, पुढचं काही दिसेना. पुढे चालणाऱ्यावर आपटले, मग एका हवालदारावर आपटले. शेवटी वैतागून त्यांनी मास्क वर केला, आणि नेमका तेव्हाच कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात शेठ. डोक्यावर वेल्डिंगचा मास्क, हात वर, तोंड उघडं. त्यांनी ते कात्रण आणून वर्कशॉपच्या बोर्डावर लावलं, 'सुरक्षा प्रथम' या पाटीच्या बरोबर खाली. कामगारांना वाटलं, कामगारांचाच मोर्चा असणार. एकानं तर विचारलंसुद्धा, "शेठ, बोनससाठी होता का?" शेठ म्हणाले, "हक्कांसाठी होता. बोनस नंतर बघू."

आता दसऱ्याचं सांगते. दसऱ्याशिवाय शेठ कळायचे नाहीत.

आमच्याकडे दसऱ्याला मशीनची पूजा. आदल्या दिवशी सगळी मशिनं पुसून लख्ख करायची, झेंडूच्या माळा घालायच्या, आणि त्या दिवशी कामगारांनी बायकापोरांना घेऊन यायचं. एरवी गेटच्या आत पाऊल न टाकलेली बायको नवऱ्याचं मशीन बघते, पोरं हँडल फिरवून बघतात. मालकानं जोडीनं पूजेला बसायचं. पाणी सोडताना गुरुजी म्हणतात, "हाताला हात लावा," की बायको नवऱ्याच्या हाताला आपला हात लावते. झाली पूजा दोघांची. आणि जोडीतलं माणूस वारलेलं असेल, तर त्याच्या नावानं कमरेला एक सुपारी खोचतात. हे घरोघरी चालतं, त्यात नवल काही नाही.

तर दर दसऱ्याला शेठ दोन पाट मांडायचे. डावीकडच्या पाटावर स्वतः बसायचे, उजवीकडचा रिकामा. गुरुजी सातपूर गावातले, पिढ्यान्‌पिढ्यांचे भटजी. ते पिशवीतून सुपारी काढायचे आणि भांडण सुरू व्हायचं.

"ही कमरेला लावा."

"कशाला? माझं माणूस जिवंत आहे, गुरुजी. नाशिकरोडला बसून पेपर वाचतंय. जित्याजागत्या माणसाची सुपारी करता?"

"मग बोलवा की पूजेला!"

"येईल. पाट मांडलाय ना."

गुरुजी पुटपुटत सुपारी परत ठेवायचे आणि पूजा एकट्यानं व्हायची. एकदा कुणाच्या तरी बायकोनं फुलांची टोपली सहज त्या रिकाम्या पाटावर ठेवली. शेठ असे कडाडले की ती बिचारी टोपली उचलून मागेच सरली. "तिथे काही ठेवायचं नाही! ती जागा घेतलेली आहे!" मग स्वतःच ओशाळले आणि तिच्या पोरांना दोन-दोन पेढे देऊन आले.

ते कडक माणूस मी पाहिलं ते एक ड्रॉइंग पोचवायला नाशिकरोडला त्यांच्या घरी गेले तेव्हा. एकाच मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट, दोन दारांवर दोन आडनावं. मी शेठच्या नावाचं दार वाजवलं, तर समोरचं उघडलं. आत एक बुटके, गोल चेहऱ्याचे गृहस्थ हातात लाटणं घेऊन उभे. एकलहऱ्याच्या थर्मल पॉवर स्टेशनातून रिटायर झालेले. माझं बोलणं दोन वाक्यं ऐकलं आणि म्हणाले, "नामपूरनी शे का?" स्वतः सटाण्याकडचे. गावाकडची बोली ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

दोन फ्लॅटांपैकी एकातच चूल पेटायची, एकाच बाल्कनीत दोघांचे शर्ट वाळायचे. दुसरा फ्लॅट नुसता दाखवायचा. इस्त्रीची चादर घातलेली कॉट, टेबलावर तांब्याभांडं, खुंटीवर टॉवेल. पाहुणा आला की शेठनी तिकडे जाऊन बसायचं. तिथे कधीच कुणी झोपलं नव्हतं, पण दर रविवारी शेठ तो फ्लॅट झाडून घ्यायचे. "जगातला सगळ्यात स्वच्छ खोटारडेपणा," असं ते त्याला म्हणायचे.

त्या दिवशी जेवताना शेठ मला सरळ म्हणाले, "हे माझं माणूस. तीस वर्षं होत आली. आता तू साक्षीदार, म्हणून सांगतो. मला परदेशात जाऊन लग्न नको, हनिमून नको. दसऱ्याला एकदा, फक्त एकदा, यानं त्या पाटावर बसावं. सगळ्यांसमोर. हाताला हात लावावा. एवढं बघून मी मरायला मोकळा."

"ते जमायचं नाही," एकलहरेवाले पोळी वाढत म्हणाले. "आमच्या कॉलनीत एकाचं कळलं होतं. पोरंटोरंसुद्धा दगड मारायची त्याच्या खिडकीवर. बदली घेऊन गेला, पण तिकडेही बातमी आधीच पोचली. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही मोर्चे काढा, मी घर सांभाळतो."

"बघ. म्हटलं नव्हतं, कडक आहे?" शेठ हसले. पण त्या दिवशी त्यांनी दुसरी पोळी घेतली नाही.

मग त्या तीनशे सत्याहत्तर कलमाचा निकाल लागला तो दिवस. शेठ पेढ्यांचा खोका घेऊनच वर्कशॉपमध्ये शिरले. सगळी मशिनं बंद करायला लावली.

"कशाचे पेढे, शेठ?"

"सुप्रीम कोर्टात सुटलो."

"जमिनीची केस होती का?"

"नाही रे बाबा. मी ज्या माणसाबरोबर राहतो, तो पुरुष आहे. आजपर्यंत कायद्यानं तो गुन्हा होता. आजपासून नाही."

ग्राइंडरचं चाक तेवढं थांबता थांबता फिरत होतं. मग इकबालभाईंनी हात पुसले, पेढा उचलला आणि विचारलं, "ते एकलहऱ्याचे साहेब का? दिवाळीला आपल्याला चकल्या पाठवतात ते?"

"तेच."

"मग त्यांचा पेढा कुठाय? वेगळा बांधून ठेवा, नाहीतर ही पोरं संपवतील."

असे आमचे इकबालभाई. एकजण मात्र त्या महिन्यात काम सोडून गेला. दोघांनी काही दिवस शेठच्या हातचा चहा घेतला नाही, मग थंडी पडल्यावर घ्यायला लागले. बाकीच्यांना एकच गोष्ट छळत होती, की तो मोर्चा बोनसचा नव्हता तर!

माझंही सांगून टाकते. चहाच्या वेळी एकदा शेठ हळूच म्हणाले, "ते ग्रीसवाले पूर्वज तुझेसुद्धा आहेत बरं का." मी चिडले. म्हटलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?" तर म्हणाले, "ती सिव्हिल हॉस्पिटलची सिस्टर गेटवर आली की तू हातातला मायक्रोमीटर टाकून पळतेस. मायक्रोमीटर, पोरी! मी माणसं नाही ओळखत, पण इन्स्पेक्टर ओळखतो." मी खूप रडले त्या दिवशी, आणि रडून झाल्यावर कितीतरी वर्षांनी पोटभर जेवले. नामपूरहून स्थळं येतच होती. त्यानंतर नाही म्हणताना माझा आवाज कधी कापला नाही.

दसरे येत होते, पाट रिकामा राहत होता. सगळ्या वर्कशॉपला माहीत झालं, तरी ते माणूस येईना. घरातून चकल्या यायच्या, शेठच्या गोळ्यांची डबी यायची, विसरलेला चष्मा यायचा. स्वतः गेटवरच रिक्षा थांबवून परत जायचे. शेठ समलिंगी लग्नाच्या केसवर आस लावून बसले होते. कोर्टानं लग्नाला हो म्हटलं की मग याची भीती जाईल, मग याला यावंच लागेल, असा त्यांचा हिशेब. निकालाच्या दिवशी त्यांनी पेढे आधीच आणून ठेवले होते. आम्ही सगळे मोबाइलभोवती गोळा झालो. कोर्टानं सांगितलं, हा हक्क आम्ही देऊ शकत नाही, कायदा करणं हे संसदेचं काम.

शेठनी पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "जॉब बरोबर आहे. गेज चुकलाय." आणि खोका माझ्याकडे सरकवला. "वाटून टाक. खव्याचे आहेत, नासतील." पेढे आम्ही खाल्ले. पुढचे दिवस चहाला इतिहास नव्हता. पूर्वजांपैकी कुणीच आलं नाही. शर्टावर ऑइल उडालं तरी खडू शोधला नाही त्यांनी.

पुढच्याच आठवड्यात दसरा. मशिनं पुसली, माळा चढल्या, बायकापोरं आली. पाट दोनच मांडले होते, पण ते मी मांडले होते. शेठ नुसते येऊन बसले. गुरुजींनी सवयीनं सुपारी काढली आणि भांडणाच्या तयारीनं म्हणाले, "ही कमरेला लावा."

शेठनी हात पुढे केला. "द्या," म्हणाले.

गुरुजी बावरले. सुपारी हातात तशीच धरून बसले. आम्ही सगळे त्या सुपारीकडे बघतोय, आणि मागून आवाज आला, "हाई जागा मन्ही शे."

दारात एकलहरेवाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात चकचकीत बूट, कपाळावर घाम. ती सटाण्याकडची बोली तिथे मला एकटीला पुरती कळली, पण अर्थ सगळ्यांना कळला. ही जागा माझी आहे.

"सुपारी आत ठेवा, गुरुजी," ते म्हणाले. "मी जिवंत आहे."

"तू... आज?" शेठ म्हणाले. "आज तर कोर्टानं..."

"कोर्टानं नाही म्हटलं म्हणूनच आलो. हो म्हटलं असतं, तर मी घरीच बसलो असतो, की चला, कागदावर तरी झालं. आता मी नाही आलो तर तुमच्या बाजूला बसणार कोण?"

गुरुजी एकदा या माणसाकडे, एकदा त्या माणसाकडे बघत होते. पिढ्यान्‌पिढ्यांचे भटजी, आता उठून जातात की काय, असं वाटून मी दाराकडे सरकले. जाऊच दिलं नसतं मी! गुरुजींनी घसा खाकरला आणि म्हणाले, "बूट काढा की आधी, साहेब. पूजेला बूट घालून बसतात होय?"

बूट काढताना त्यांची लेस सुटेना. इकबालभाईंनी पुढे होऊन सोडली. मग ते पाटावर बसले, उजवीकडच्या. एका नव्या लेथवाल्याच्या बायकोनं नवऱ्याला कुजबुजून विचारलं, "कोण हो ते?" तो म्हणाला, "शेठच्या घरचे."

"हाताला हात लावा," गुरुजी म्हणाले.

त्यांनी लावला. आयुष्यभर बॉयलरच्या धगीत काम केलेला जाडजूड हात शेठच्या काटकुळ्या मनगटाला लागला, आणि शेठच्या पळीतलं पाणी सगळं पाटावर सांडलं. गुरुजी म्हणाले, "असू द्या, पुन्हा घ्या." दुसऱ्यांदाही सांडलं. पोरं हसायला लागली, मग आम्ही हसलो, मग शेठ रडता रडता हसले. अभिमान कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. मी तिथे होते, हे मी अजून लोकांना थांबवून थांबवून सांगते.

शेठना त्यानंतर एकच दसरा मिळाला. तोही जोडीनं, आणि न सांडता. मग उन्हाळ्यात ते गेले, झोपेतच, ज्या फ्लॅटमध्ये खरं राहिले त्याच फ्लॅटमध्ये. वर्कशॉप त्यांनी आधीच रीतसर आपल्या माणसाच्या नावावर करून ठेवलं होतं. आता एकलहरेवाले रोज येतात, चहा तेच सांगतात, आणि अडखळत अडखळत एखादा पूर्वजही सांगतात. चुकलं की इकबालभाई दुरुस्त करतात.

गेल्या दसऱ्याला मी दोन पाट मांडले. ते आले, बूट बाहेर काढले, आणि आपल्या उजवीकडच्या पाटावरच बसले. डावीकडचा रिकामा. मी म्हटलं, "मालक तुम्ही, तिकडे बसा." त्यांनी नुसती मान हलवली.

गुरुजींनी पिशवीत हात घातला. सुपारी काढली, तिला हळदकुंकू लावलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली.

"ही कमरेला लावा, साहेब."

ते गोंधळून गुरुजींकडे बघत राहिले. "मला? मला चालते ही?"

"जोडीतलं माणूस गेलं की लावायची असते," गुरुजी म्हणाले. "आणि जोडीनं मीच बसवलंय तुम्हाला."